‘फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करून पैसे घेतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही लिहिलंय की हे लोक फ्रीकॅडवर (थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंगचं फुकट सॉफ्टवेअर) ड्रॉइंग काढतात म्हणून प्लेट निम्म्या साइजची कापून आली, टॉप व्ह्यू खाली टाकलाय, टॅपिंग (होलमध्ये आटे पाडणं) दाखवलं नाही आणि वर उशीर केला. हे वाचून उद्या दुसरं कुणी भोसरीत यायच्या आधीच परत फिरेल, म्हणून इथेच लिहितो.

आधी प्लेट. ड्रॉइंग ए३ शीटवर १:२ ला आहे, टायटल ब्लॉकमध्ये तसं लिहिलंय, आणि लेसर कटिंगसाठी १:१ ची वेगळी डीएक्सएफ (मशीन ज्या रेघांवरून कापतं ती फाईल) दिली होती, फाईलच्या नावातच ‘लेसर’ आहे. तुमच्या लेसरवाल्याकडे गेलेली फाईल मागवून बघितली, ती आमची नाहीच, सोबत दिलेली फ्रीकॅडची फाईल उघडून टेकड्रॉचं, म्हणजे त्यातल्या ड्रॉइंग शीटच्या भागाचं, आख्खं पान तिथून एक्सपोर्ट केलेलं आहे. पान कागदाच्या मापात बाहेर पडतं, म्हणजे आकडा २४० दिसतो आणि रेघ मोजली तर १२० भरते, आणि मशीन आकडा वाचत नाही हो, ते रेघेवरून जातं. लेसरची फाईल वेगळी ठेवण्याचं कारणही तेव्हाच सांगितलं होतं, त्यात मधलं बोअर, म्हणजे बेअरिंगचं मोठं होल, ४७ ऐवजी मुद्दाम ४५ ठेवलंय, नंतर बोअरिंग करून नेमक्या मापाला आणायला मटेरियल राहावं म्हणून.

टॉप व्ह्यू खाली आहे कारण आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, म्हणजे वरून दिसणारं चित्र खाली काढतात, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) पद्धत तीच, आयटीआयमध्ये शिकवतात तीही तीच. कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं चिन्ह आहे ते त्यासाठीच. अमेरिकन कस्टमरला थर्ड अँगल, म्हणजे ते चित्र वर, लागतं, टेकड्रॉमध्ये ती एक सेटिंग आहे, सांगितलं असतंत तर लगेच बदलून दिलं असतं.

आता टॅपिंग, आणि खरं दुखणं इथेच आहे. तुम्ही दिलेल्या मॉडेलमध्ये ८.५ चं साधं होल आहे, आटे नाहीत. ८.५ म्हणजे एम १० टॅपचं ड्रिल, पण एम ८ बोल्ट आरपार जायचा असेल तरी कुणी ८.५ ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तेव्हा तुमचं उत्तर ‘मॉडेलमध्ये आहे तसंच काढा’. तसंच काढलं. थ्रीडी मॉडेल फक्त आकार सांगतं सर, कुठे काय बसणार हे तुम्हालाच सांगावं लागतं, मग सॉफ्टवेअर लाखाचं असो नाहीतर फुकटचं. मधल्या बोअरचंच बघा, मॉडेलमध्ये नुसतं ४७. फोनवर तुम्ही ६२०४ बेअरिंग म्हणालात म्हणून तिथे एच७ टाकलं, म्हणजे मापात शून्य ते अधिक पंचवीस मायक्रॉन एवढीच सूट. न सांगता सोडलं असतं तर शीटच्या खालच्या आयएस २१०२ मीडियमच्या (वेगळी सूट न लिहिलेल्या मापांसाठीचं मानक) नोटप्रमाणे ०.३ मिमी इकडे-तिकडे चाललं असतं आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून खडखडलं असतं. पैसे घेतो ते या विचारण्याचे, बटण दाबण्याचे नाही.

उशिराचं म्हणाल तर तुमची पहिली फाईल एसटीएल होती. त्यात नुसते त्रिकोण असतात, गोल होलसुद्धा बारीक बारीक सरळ बाजूंचं असतं, त्यावर डायमीटर नीट घेताच येत नाही. त्याच दिवशी स्टेप फाईल (ज्यात गोल खरंच गोल असतो) मागितली, ती यायला आठवडा गेला, मेसेजच्या तारखा तुमच्याकडेही आहेत.

फ्रीकॅडमध्ये सगळं गोड आहे असं नाही. मोठी असेंब्ली आली की लपलेल्या रेघा काढताना फार वेळ खातं, आणि मॉडेल बदललं की काही डायमेन्शन भलत्याच कडेला जाऊन बसतात, १.० मध्ये मॉडेलिंगचा हा त्रास बराच कमी झालाय तरी शीट आम्ही हाताने तपासतोच. पण तुमच्या एका प्लेटला हे काही आड आलेलं नाही. उलट फायदा असा की मूळ फाईल तुम्हाला लायसन्स न घेता उघडता आली.

होल एम १० टॅपचं आहे की आरपार, एवढं कळवा, त्याप्रमाणे नोट टाकून शीट परत देतो, त्याचे पैसे नाहीत. कापलेल्या प्लेटचा खर्च मात्र आम्ही देणार नाही. गुरुवारी शॉप बंद असतं, बाकी कधीही या, आणि लेसरवाल्याला ‘लेसर’ नावाचीच फाईल द्या.