‘मेलेलं झाड विकलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला नर्सरीचं उत्तर

नमस्कार. आपण लिहिलंय की आमच्याकडून नेलेल्या वाळवंटी अंजिराची पानं डिसेंबरात गळाली, कुंडीत नुसता दांडका उरलाय, आणि वाळवंटातलं झाड पुण्याच्या थंडीत मरतंच कसं. शिवाय फळ नाही, ही तक्रार. फोटो नीट पाहिले.

फळाचं आधी सांगतो. खायचं अंजीर हवं असेल तर पुरंदरचं घ्यावं, ती जात वेगळी. आपण नेलंय ते फायकस पाल्मेरी. त्याची फळं बारीक असतात आणि ज्या चिलटाएवढ्या गांधीलमाशीमुळे ती धरतात, ती इकडे नाही. हे झाड लोक फुगीर, पांढुरक्या बुंध्यासाठी ठेवतात.

आता थंडी. हे मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खडकांवरचं झाड. तिथल्या वाळवंटात, विशेषतः समुद्राकाठी, दव गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते, म्हणून ती त्याला सोसत नाही. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तसं आपल्या बाल्कनीत होत नाही. पुण्यात पारा आठ-दहावर आला की ते पानं टाकून झोपी जातं, एवढंच. मारतं ते झोपेत घातलेलं पाणी. पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण? मुळं भिजत राहतात, गार मातीत कुजतात.

आपल्या फोटोत कुंडी चिनी मातीची आहे, खालच्या प्लेटमध्ये पाणी साठलंय आणि मातीवर हिरवं शेवाळ आहे. शिवाय वरून कोकोपीटचा, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या नारळाच्या भुश्याचा, थर दिलेला दिसतो. आमच्याकडून कुंडी गेली तेव्हा त्यात जाड वाळू, विटांचे तुकडे आणि परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) होतं. ‘रोज थोडं थोडं पाणी’ हा सल्ला तुळशीला ठीक.

तरी झाड गेलं असं मी इतक्यात म्हणणार नाही. बुंधा बोटांनी दाबून पाहा. घट्ट लागला, नखानं साल खरवडल्यावर आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला, तर ते जिवंत आहे. (चीक हाताला, डोळ्यांना लागू देऊ नका.) मग प्लेट काढा, पाणी बंद करा, दुपारचं ऊन मिळेल अशा भिंतीलगत ठेवा आणि रात्री आडोशाला घ्या. ऊन तापू लागलं की कोंब येतील. पाणी तेव्हा, तेही माती पूर्ण सुकल्यावर. पावसाळ्यात छपराखाली.

बुंधा मऊ लागला तर मात्र लगेच घेऊन या. कुजलेला भाग कापून, जखम सुकवून कोरड्या मिश्रणात लावून देऊ. मिश्रणाचे पैसे घेणार नाही. झाडाचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण पाण्याचा हा नियम कुंडीबरोबरच्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे. आणताना माती ओली असेल तर तशीच आणा. घरी उपटून पाहू नका, मुळं तुटतात.