मिरजकरांना उत्तर: हाल्डेन, बेगल आणि हरिपूरची पेवं

मिरजकर, नमस्कार.

२०१६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेल्या डंकन हाल्डेन यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. क्वांटम हॉल परिणामाचा शोध मी त्यांच्या नावावर टाकला, हा पहिला. सायटेशन, म्हणजे इतरांच्या शोधनिबंधांत आलेले संदर्भ, मोजून माणूस मोठा ठरवला, हा दुसरा. तिसरा जरा झोंबणारा: 'नोबेलवाल्यांनी पाव आणि बेगल दाखवून टाळ्या घेतल्या. यातून बाजारात काय आलं? सांगलीत राहता, तर हळदीच्या दरावर लिहा.'

पहिल्यावर कान पकडतो. तो परिणाम १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना प्रयोगात दिसला आणि १९८५ चं नोबेल त्यांनाच मिळालं. जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात रोध पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो, आणि प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८ ओहम भागिले एखादा पूर्णांक. पूर्णांकच का, हे डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये टोपॉलॉजीतून, म्हणजे आकार ताणला-वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणांच्या गणितातून, उलगडलं. बेगल, म्हणजे मधे भोक असलेला पाव, आला तो त्यासाठी. आपल्याकडे मेदूवडा चालेल. वडा वेडावाकडा तळला गेला म्हणून त्याला दीड भोक पडत नाही. तसंच नमुन्यात थोडी भेसळ असली तरी तो पूर्णांक जागचा हलत नाही.

हाल्डेन यांचा प्रश्न निराळा होता: एवढं क्षेत्र लागतंच का? १९८८ च्या लेखात त्यांनी मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी घेतली आणि प्रत्येक षटकोनात चुंबकीय क्षेत्र असं विभागलं, की कुठे वर, कुठे खाली, बेरीज शून्य. तरी गणितातून तोच पूर्णांक बाहेर आला! आतून विसंवाहक, पण कडेने वीज वाहते, तीही एकाच दिशेने. कडेला खाच असली तर इलेक्ट्रॉन वळसा घालून पुढे जातो. मागे फिरायला त्याला वाटच नसते. मला विचाराल तर अख्ख्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच. आणि हे प्रारूप जसंच्या तसं पदार्थात सापडणं कठीण, असं त्यांनी त्याच लेखात लिहूनही टाकलं होतं.

आता हळद. विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची. लहानपणी मी एक उघडताना पाहिलंय. माती आणि झाकण काढून तोंड बराच वेळ उघडं ठेवलं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. तो विझायचा थांबेपर्यंत हमाल काही उतरला नाही. आत हळद वर्षानुवर्षं पडून असायची.

हाल्डेन यांचा तो लेख असाच सतरा वर्षं पेवात होता म्हणा ना. २००० साली सायटेशन मोजली असती तर 'फुकट गेलेलं काम' असा शेरा बसला असता, म्हणून तुमचा दुसरा आक्षेप मान्य. मी आकडे द्यायलाच नको होते. २००५ मध्ये चार्ल्स केन आणि यूजीन मेले यांनी झाकण काढलं. (त्याच वर्षी कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं, हा आपला योगायोग.) पण पेवातून हळद जशी ठेवली तशीच निघते, इथे भलतंच निघालं. त्यांनी हाल्डेन यांची दोन प्रारूपं एकावर एक ठेवली, वरच्या स्पिनच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचा चुंबकीय गुण, वर किंवा खाली) इलेक्ट्रॉनांसाठी एक, खालच्यासाठी उलटं. क्षेत्राची गरजच संपली आणि टोपॉलॉजिकल विसंवाहकांचं, म्हणजे आतून वीज अडवणाऱ्या पण कडेने वाहू देणाऱ्या पदार्थांचं, दालन उघडलं. ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एकपदरी षटकोनी जाळीत, हा परिणाम फारच क्षीण निघाला, पण २००७ मध्ये वुर्झबर्गला मर्क्युरी टेल्युराइडच्या थरांत तो दिसला. २०१३ मध्ये बीजिंगमध्ये क्रोमियम मिसळलेल्या पातळ थरात बाहेरच्या क्षेत्राशिवाय रोध त्या २५.८ किलोओहमवर येऊन टेकला. पुढच्याच वर्षी झुरिचला खुद्द हाल्डेन-जाळी लेझरच्या प्रकाशात थंड अणूंनी उभी केली. मला प्रभाव म्हणायचं होतं ते हे: त्या लेखानंतर लोक पदार्थाला वेगळे प्रश्न विचारायला लागले.

बाजारात काय आलं? दुकानात मिळेल असं काही नाही, उगाच कशाला फुगवू? २०१३ चा तो प्रयोग निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सियस) वर अंशाच्या तीन-शतांश इतक्या तापमानाला झाला होता. तुमच्या फ्रिजचं ते काम नव्हे. मात्र क्वांटम हॉलच्या पायऱ्यांवर आज जगभरच्या प्रमाण प्रयोगशाळा ओहम पारखून घेतात, आणि अवजड चुंबकाशिवाय तेच जमवायचं तर वाट हाल्डेन यांच्या कल्पनेतूनच जाते. त्यावर काम चालू आहे.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय, आकड्यांचा परिच्छेद काढलाय. हळदीच्या दराचं मात्र मला खरंच कळत नाही. मेव्हणे मार्केट यार्डात आहेत, त्यांना लिहा म्हटलं तर म्हणाले, दर कळला असता तर लिहीत कशाला बसलो असतो?