दत्तक मुलाला ‘ट्रायल’ नसते

मोठं मूल दत्तक घेतलं की पहिली दोन वर्षं ट्रायल असते, नाही जमलं तर परत करता येतं, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. दोन वर्षं असतो तो पाठपुरावा: दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ता मूल कसं रुळतंय ते पाहतो आणि गरज असेल तर समुपदेशन मिळवून देतो. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश निघाला (१ सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी तेच देतात) की मूल कायद्याने तुमचंच, वारसाहक्कासकट. पाच वर्षं किंवा त्याहून मोठ्या मुलाची संमतीही लागते, हे त्या मजकुरात येतच नाही.

हा गैरसमज मुलाला महागात पडतो. सुरुवातीचे काही आठवडे मूल बहुधा अतिशय शहाण्यासारखं वागतं. मग आदळआपट, खोटं बोलणं, उशीखाली पोळी लपवणं सुरू होतं. पालकांना वाटतं, बिघडलं. खरं तर ते तपासत असतं, आता तरी मला परत पाठवतील का? पोळीवरून रागावू नका. त्याच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा, तो रिकामा होऊ देऊ नका, जेवणाच्या वेळा पाळा. नाव बदलायची घाई नको. संस्थेतून आणलेले कपडे, खेळणं टाकून देऊ नका. आणि ‘परत सोडून येईन’ हे शब्द रागातसुद्धा उच्चारू नका.