‘कोल्हापूर म्हणजे दिल्ली हाय व्हय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘तालीमवाला’ दादा,

उसाचं पाचट (वाळलेला पाला) पेटवल्यावर धुराच्या दिवशी शाळेतल्या पोरांना मैदानावर कधी पळवावं, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “कोल्हापूर म्हणजे दिल्ली हाय व्हय? आम्ही लाल मातीत वाढलो, काय झालं न्हाई. धुराचं निमित्त काढून तुम्ही मास्तर लोक मैदानाला कुलूप घालणार.” कुलूप हा शब्द माझ्या लेखात शोधून दाखवा. मी बोललो ते वेळेबद्दल.

दिल्ली नाही, कबूल. तिथं नोव्हेंबर 2023 मध्ये हवेपायी शाळांची हिवाळी सुट्टीच अलीकडं ओढावी लागली. पण हवेचं मानक न पाळणाऱ्या शहरांच्या केंद्राच्या यादीत सांगली, सोलापूरबरोबर कोल्हापूरही आहे.

आणि आखाड्यातली माती वेगळी. जाड धूळ बरीचशी नाकातच अडते. पाचटाच्या धुरातले बारीक कण अडीच मायक्रॉनच्या आतले, केसाच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक. ते पार फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यात पळणारं पोर तोंडानं श्वास घेतं, म्हणजे नाकाची गाळणीही गेली.

गेल्या हंगामात शाळेशेजारच्या उसाच्या फडात आदल्या रात्री पाचट पेटवलेलं. थंडीत खालची हवा गार, वरची उबदार. धूर झाकण ठेवल्यासारखा जमिनीलगत बसतो. प्रार्थनेला पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर काजळी पडत होती. एका मुलीनं बोटानं पुसली, तर खांद्यापासून खिशापर्यंत काळी रेघ. तरी मी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत सहावीतला एक पोरगा गुडघ्यावर हात टेकून थांबला, छातीतून शिट्टीसारखा आवाज. त्याचा दम्याचा पंप दप्तरात, दप्तर वर्गात, वर्गाला कडी. पोरगा सावरला, पण तेवढी दोन मिनिटं मी विसरलेलो नाही. आता दमा असलेल्या पोरांचे पंप, नावाची चिठ्ठी लावून, मैदानावर माझ्याजवळ असतात.

अशा दिवशी पी.टी.चा तास दुपारी घेतो. ऊन चढलं की धूर वर उठतो. मोबाईलवरचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, बघतो, पण तो 24 तासांच्या सरासरीवर निघतो आणि यंत्र शहरात. शेजारचा फड त्याला काय दिसणार? त्यापेक्षा मैदानावरून ज्योतिबाचा डोंगर दिसतो का बघतो. धुक्यातही दिसत नाही म्हणा, मग नाकाला विचारायचं.

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही मला धरलंत. “पन्नास पोरं पत्र्याच्या खोलीत खिडक्या लावून कोंडणार काय?” बरोबर आहे, तसं लिहायला नको होतं. आता फक्त धुराच्या बाजूच्या खिडक्या लावतो, दुपारी सगळ्या उघडतो. वर्ग कोरडा न झाडता ओल्या फडक्यानं पुसून घेतो. तोंडाला रुमाल बांधायची पोरांना हौस, बांधू देतो. पण बारीक कण त्यानं अडत नाहीत.

शेतकऱ्याला बोल लावल्याचंही तुम्ही लिहिलंय. अहो, आमचाही ऊसच आहे. यंदा पाचट सरीत ठेवलं, पेटवलं नाही. भाऊ अजून कुरकुरतोय.

तुमच्या तालमीतली पोरं पहाटे रस्त्यानं पळतात ना? फड पेटलेल्या रात्रीनंतर त्यांना आतच जोर-बैठका काढू द्या आणि पळणं दुपारी चारला ठेवा, असं वस्तादांना विचारून बघा. काय म्हणतात ते इथं लिहा.