बाण हलेना

सांगलीत लॅपटॉप अडला की लोक ‘काय झालं?’ विचारत नाहीत, ‘कुणाला दाखवलास?’ विचारतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 चे पेनड्राइव्ह घरोघरी फिरू लागले. सेटअप सुरू होतो, भाषा निवडायला सांगतो, आपण टचपॅडवर ऐटीत बोट फिरवतो आणि स्क्रीनवरचा बाण ढिम्म. मग बोट पुसायचं, टचपॅड पुसायचं, शेवटी चष्मा पुसायचा.

टचपॅड मेलेलं नसतं. जुनी टचपॅडं पीएस-टू माउसचं, म्हणजे गोल पिनेच्या जुन्या माउसचं, सोंग घ्यायची, म्हणून सेटअप त्यांना ओळखायचा. नवी बोलतात आय-टू-सी नावाच्या वेगळ्या वाटेने, आणि ती वाट चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडणी सांभाळणाऱ्या चिपमधून, जाते. इंटेलच्या मशीनवर तिचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती वाट वापरायला शिकवणारा प्रोग्रॅम, ‘सीरियल आयओ’. पेनड्राइव्हवर बहुधा तोच नसतो. म्हणजे कृष्णेपलीकडची सांगलीवाडी समोर दिसतेय, पण मधला आयर्विन पूलच नाही!

तोवर यूएसबी माउस लावावा. तोही नसेल तर टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, स्पेसने खूण, एंटरने होकार. अख्खं इन्स्टॉलेशन असं उरकतं. फक्त पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांच्या, यादीपाशी एंटर दाबताना श्वास रोखावा. तिथे घाई केली की लग्नाचे फोटो कृष्णार्पण.

विंडोज चढल्यावर विंडोज की आणि एक्स, मग एम. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या भागांची यादी, उघडतो. एखाद्या नावापुढे हळदीच्या रंगाचा त्रिकोण दिसला की चोर तिथेच. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचे ड्रायव्हर घ्यावेत: आधी चिपसेट, मग सीरियल आयओ, शेवटी टचपॅड. लोक नेमकं उलटं करतात आणि ‘डिव्हाइस सापडलं नाही’ वाचून कंपनीच्या सात पिढ्या काढतात. वायफायही बंद असेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्यावं. काही मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, टचपॅडला ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. बेसिक केलं की ते पुन्हा पीएस-टूचं सोंग घेतं. बाण हलतो, दोन-तीन बोटांच्या करामती मात्र जातात.

तरीही शंका उरलीच तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमच्या पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, मशीन चालू करावं. आय-टू-सीचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतात. तिथे बाण पळाला, तर हार्डवेअर ठणठणीत. एवढी एक परीक्षा माझ्या मते दुकानातल्या दहा अंदाजांना भारी.

बाण हलतो पण थयथय नाचतो, ही तक्रार वेगळी. चार्जर काढून बघा. नाच थांबला तर दोष अर्थिंगचा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कोंबणारे आपणच. भडंगाच्या तेलकट बोटांनीही तो बावचळतो. आणि टचपॅड एका कडेला उचललेलं असेल, दाबलं जात नसेल, तर ड्रायव्हर शोधू नका: खालची बॅटरी फुगलीय. चार्जिंग तिथल्या तिथे बंद आणि थेट दुरुस्तीला.

सगळं करूनही टचपॅड गप्पच? सेटिंग्जमध्ये ‘माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ अशी एक खूण असते. ती निघालेली असली तर माउस आहे तोवर टचपॅड तोंड उघडत नाही. आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेला माउस अजून यूएसबीतच असतो.