तिसऱ्या मजल्यावरचे पोटभाडेकरू

आमचा कुत्रा बंड्या दिवसभर शहाण्यासारखा लोळतो आणि रात्री दोनला कान खाजवायला बसतो. खाजवता खाजवता मागचा पाय फरशीवर आपटतो. टप टप टप टप. आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, "रात्रीचं काय कांडता हो?"

बॅटरी घेऊन बंड्याचा कान उलटा केला. आत एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली, करडी गोचीड! भोवती तिळाएवढ्या आणखी चार-पाच. मी शूरपणे एक ओढली आणि नखाने चिरडली.

वॉचमन म्हणाला, रॉकेल लावा. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून अर्धे उठलेच. "कातडी भाजेल त्याची! चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ ओढायची. आणि चिरडायची तर मुळीच नाही, तिच्यातून आजार पसरतात." मी हात टेबलाखाली घेतला.

गोचीडतापासाठी बंड्याचं रक्त तपासलं. सुदैवाने काही निघालं नाही. मानेवर औषध सोडलं. दोन दिवस आंघोळ नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं. आईला बजावायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येतो तो साडेसहाशे रुपयांचं औषध तिने कडुलिंबाच्या कढत पाण्याने खळाखळा धुऊन टाकलेलं. बंड्या सोफ्याला अंग पुसत होता.

पुन्हा डॉक्टर. या वेळी ते म्हणाले, "नुसत्या कुत्र्याला औषध देऊन काय होणार? घर बघा. मादी रक्त पिऊन उतरते, भिंत चढते, फटीत चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. पिल्लं उपाशीपोटी महिनोन्‌महिने वाट बघतात." इतका सोशिक भाडेकरू पुण्यात दुसरा मिळायचा नाही!

घरी येऊन कालनिर्णय उचललं. मागे, बरोबर एकादशीच्या पाठीशी, एक बाई छताकडे निघाल्या होत्या. दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डाच्या कडेला, बंड्याच्या गोधडीच्या शिवणीत, सगळीकडे वस्ती. गोधडी उकळली, फटी बुजवल्या, फवारणीवाला बोलावला. देव शेजारी मुक्कामाला गेले. बंड्याला पुन्हा औषध, आईला सक्त ताकीद.

महिन्याभरात टपटप थांबली. परवा बेल वाजली. दारात खालचे काका, हातात काडेपेटी. त्यांनी ती जपून, बोटभरच उघडली. आत आठ पाय वळवळत होते.

"हे तुमचंच ना?"

"आत या ना काका, चहा घ्या," मी म्हणालो.

काकांनी उंबऱ्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेले. काडेपेटी मात्र पायपुसण्यावर ठेवून.