काका, तुम्ही सेकंड हाफला

रविवारी हरिपूर रोडच्या मैदानावर फुटबॉल मॅचला मला बाकावर बसवलं. 'काका, तुम्ही सेकंड हाफला.' कॅप्टन बावीस वर्षांचा. काका म्हणाला, तेही गिळलं. पण माझ्या जागी घेतला कोण, तर नुसता पळणारा पोरगा! पळतो, पळतो आणि चेंडू हळदीच्या रानात घालतो.

शेजारी एक रिटायर एसटी ड्रायव्हर शेंगा फोडत बसले होते. टरफलं माझ्या काढून ठेवलेल्या बुटात. मी बूट सरकवला, त्यांनी हातही सरकवला.

"मामा, स्ट्रायकरला फिनिशिंग लागतं, चेंडू जाळ्यात घालता आला पाहिजे," मी म्हटलं. "इंग्लंडचा रिकी लॅम्बर्ट बघा. वेगाच्या नावानं बोंब! खालच्या डिव्हिजनमध्ये हिंडला, मधे बिटाच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावली. 2013 ला एकतिसाव्या वर्षी इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच टचला हेडरनं गोल!"

"बरणीत बिटाचं काय?"

"लोणचं असेल."

"बिटाचं लोणचं?" मामा शेंग फोडायची थांबले. "आन् खात्यात कशासंगं?"

लॅम्बर्ट राहिला बाजूला. मामींच्या माईनमुळ्याच्या लोणच्यापर्यंत आम्ही जाऊन आलो.

कॅप्टन लाइनीवरून ओरडला, "काका, व्हार्डी! इंग्लंडचाच स्ट्रायकर! पाचव्या डिव्हिजनमधून लेस्टर क्लबनं 2012 ला उचलला. निव्वळ स्पीड!" अरे, 2015-16 ला लेस्टर इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगचं चॅम्पियन झालं तेव्हा लीगमध्ये त्याचे 24 गोल होते. ते काय नुसत्या पळण्यानं जाळ्यात गेले? आता खालच्या लीगमध्ये डिफेंडर जड, मैदान खडबडीत, लांब चेंडू मारायचा आणि मागं धावायचं, तिथं पळणाऱ्याला चान्स जास्त मिळतात, हे मलाही कळतं. पळणं आणि मारणं दोन्ही जमलं असतं, तर आमचा पोरगा हरिपूर रोडला कशाला आला असता? पण म्हणून सगळा पगार पायालाच?

तेवढ्यात पोरानं चौथा चान्स हळदीत घातला.

"ही आपली तासगाव गाडी," मामा म्हणाले. "टायमाच्या आधी पोचती. पॅसेंजर समदं स्टॉपवरच."

मी खूश. "आणि मी?"

मामांनी मला पोटापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुमी डेपोत."

सेकंड हाफला मला उतरवलंच नाही. मैदानाच्या भाड्याची वर्गणी मात्र माझ्याकडून सगळ्यात आधी घेतली होती, त्यात मात्र यांना स्पीड.